बोंडल्याची कुळकथा

बाळ औषध थुंकतं तेव्हा ते हट्ट करत नसतं. पहिले चार-सहा महिने दुधाखेरीज काहीही जिभेवर टेकलं, की जीभ आपणहून पुढे येते आणि ते ओठांबाहेर लोटते. घशात भलतंसलतं उतरू नये म्हणून शरीरानंच बसवलेली ही राखण आहे. तिच्या जोडीला चव. गोडाची ओढ बाळ पोटातूनच घेऊन येतं, आणि कडू लागलं की पहिल्या दिवसापासून तोंड वाकडं करतं, कारण झाडपाल्यातली पुष्कळ विषं कडूच असतात. औषध घेऊन बसलेल्या आईची गाठ असते ती या दोघींशी.

त्यांना न दुखावता औषध आत कसं न्यायचं, या प्रश्नाला आपल्या मुलखानं दिलेलं उत्तर म्हणजे बोंडलं. तळहातात मावेल एवढी वाटी, आणि तिच्या एका कडेला ओढून काढलेली निमुळती, उघडी चोच. पितळेचं असेल तर आतून कल्हई केलेलं. सुखवस्तू घरात चांदीचं, बहुधा बारशाला आजोळहून आलेलं. आता बहुतेक ठिकाणी स्टीलचं. चोच बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात टेकवायची, बोंडलं जरासं कलतं करायचं, थेंब-दोन थेंब गालाच्या आत सोडायचे आणि लगेच सरळ करायचं. बाळ गिळेपर्यंत थांबायचं. मोठ्या झालेल्या माणसाला आपण आजही विचारतो, ‘तू काय बोंडल्यानं दूध पितोस?’ एवढं हे भांडं घरोघरचं होतं.

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत ओलांडलं की आमचं भांडगाव. उसाचा पट्टा, त्यामुळे गूळ आणि काकवी हाताशी. गोड काय घालायचं हा प्रश्न इथल्या बायकांना कधी पडला नाही. ज्यांच्याकडे बोंडलं नव्हतं त्या भीमेच्या वाळूतला शिंपला घासून-पुसून, उकळून वापरत. शिंपल्याच्या एका टोकाला निसर्गतःच उतार असतो, तिथून थेंब नीट सुटतो. तमिळ घरांत याच जातीच्या भांड्याला पालाडै म्हणतात, आणि दुसरं नाव संगु, म्हणजे शंख. तिकडे पूर्वी बाळांना खरोखरच्या शंखातून पाजत.

चोच काढून धार आवरण्याची अक्कल तर आमच्याच शेजारी फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची अख्खी वस्ती उजेडात आली. या जोर्वे संस्कृतीच्या तांबूस, काळी नक्षी काढलेल्या भांड्यांत एक भांडं हटकून सापडतं: लांब नळीची तोटी असलेलं. ते बाळाच्या मापाचं नाही, थोरामोठ्यांच्या पाण्यापेयाचं आहे. पण त्याच वस्तीत दगावलेल्या तान्ह्या मुलांना दोन रांजणांची तोंडं जुळवून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरत, आणि सोबत अशी तोटीची भांडी आणि वाडगे ठेवत. मेलेल्या मुलालाही पाजण्याची सोय करून देणारी ती माणसं होती. बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांतून मिळालेली तोटीची छोटी मातीची भांडी २०१९ मध्ये तपासली, तेव्हा त्यांच्या मातीत गाई-शेळ्यांसारख्या जनावरांच्या दुधाचा अंश निघाला. तीही साधारण इनामगावच्याच काळातली. म्हणजे दुधाची बाटली येण्याच्या कितीतरी आधी, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या मुलखांत माणसं एकाच आकाराशी येऊन पोचली होती.

पण भांडं हा या कथेचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग मात्रेचा, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. बाळाला औषध जातं ते गोड आहे म्हणून कमी आणि थोडं आहे म्हणून जास्त. ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी नेमकी ओळखली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, मुलांचे तीन गट केले आहेत: नुसतं दूध पिणारी, दूध आणि अन्न दोन्ही घेणारी, आणि अन्न खाणारी. महिन्यावरच्या दूधपित्या बाळाची मात्रा बोटाच्या दोन पेरांत धरता येईल एवढीच. मधल्या गटाला बोराच्या आठळीएवढं चाटण, तिसऱ्याला बोराएवढं. शिवाय दूधपित्याच्या बाबतीत औषध दाईलाही द्यावं, म्हणजे दुधातून ते बाळाला पोचेल. आणि तेही जमत नसेल तर? औषधाचा लेप स्तनांना लावून बाळाला पाजावं, असं तिथं स्पष्ट सांगितलं आहे. बाळाचं तोंड उघडण्याच्या भानगडीतच वैद्य पडत नाही. जिथं ते आपणहून उघडतं तिथं जाऊन थांबतो.

काश्यपसंहिता हा तर खास मुलांच्या औषधांचा ग्रंथ. नेपाळात जपलेल्या पोथीवरून तो १९३८ मध्ये मुंबईत छापून निघाला. त्यात लेह, म्हणजे चाटण, या विषयाला एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. नुकत्या जन्मलेल्या बाळाची मात्रा वावडिंगाच्या एका दाण्याएवढी. महिन्यागणिक ती वाढवायची, पण आवळ्याच्या पुढे न्यायची नाही. सोनं दगडावर पाण्यात उगाळून मध-तुपातून चाटवण्याची रीतही तिथलीच, आजच्या सुवर्णप्राशनाचं मूळ. मध मात्र आता वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. मधात बोटुलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढू शकतात, हे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात उमगलं. काश्यपांना ते कळायचा मार्ग नव्हता, आपल्याला आहे.

वावडिंगाचा दाणा आणि बोराची आठळी घरात कशी मोजायची? त्यासाठी सहाण आली. बाळगुटीची सगळी करामत सहाणेत आहे. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, बदाम, खारीक: ही सगळी अख्खी मुळं, फळं, बिया. कुटून चूर्ण केलं तर चिमटीत कमी-जास्त यायचंच. सहाणेवर मात्र एक वळसा म्हणजे एकच वळसा. दगडानं जेवढं झिजवलं तेवढंच बाळाच्या पोटात जाणार. तराजू नसलेल्या घरात मिलिग्रॅमच्या हिशेबाची ही सोय होती. आपण गुटीतल्या वनस्पतींचंच कौतुक करत बसतो. मला विचाराल तर त्या परंपरेतला खरा शोध हा वळसा आहे.

आमच्या सासूबाई गुटी कशी देत ते मी जवळून पाहिलं आहे. आंघोळ, शेक-शेगडी झाली की पाय लांब करून बसत, बाळाला नडग्यांवर घेत, डोकं पावलांच्या खोबणीत, अंगापेक्षा वर. सहाणेवर आधी आईचं दूध दोन थेंब. वेखंडाचा वळसा एक, तोही ओझरता. अतिविषाचा अर्धा. हिरड्याचे शौचाकडे बघून. बदाम-खारकेचे वळसे मात्र महिन्यागणिक चढते. प्रत्येक वस्तू उगाळून झाली की धुऊन, पुसून, उन्हात. बुरशी आलेलं मूळ त्या सरळ चुलीत टाकत. मग बोटानं ते सगळं निपटून बोंडल्यात घ्यायचं, आणि चोच गालाच्या आत. जिभेच्या मध्यावर कधीच नाही. बाळानं तोंडात धरून ठेवलं तर त्या त्याच्या तोंडावर हलकी फुंकर घालत. बाळ डोळे मिटायचं आणि घुटका घ्यायचं. मी एकदा पुढे होऊन बोंडलं जास्त कलतं केलं, तर म्हणाल्या, ‘अगं, घाई तुला आहे, त्याला नाही.’

ती फुंकर मला बरीच वर्षं लाडाचा भाग वाटत होती. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकी डॉक्टरांनी तिच्यावर लेख लिहिला. तान्ह्याच्या चेहऱ्यावर हवेचा झोत आला की ते प्रतिक्षिप्तपणे गिळतं. तिकडच्या पाठ्यपुस्तकांत त्याला सँटमायर गिळणं असं नाव आहे. आपल्याकडे त्याला नाव नव्हतं, पण हातोटी होती.

आता या कुळातली काळी पाती. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण आपण राजकारणाला आणि व्यवहाराला लावतो, पण ती प्रत्यक्षात कुणाच्या नाकाशी घडत होती हे सांगायला नको. आडवं निजवायचं, हात धरायचे, नाक दाबायचं, आणि श्वासासाठी तोंड उघडलं की एरंडेल किंवा तूप ओतायचं. श्वास आणि गिळणं एकाच क्षणी आल्यावर तेल कुठं जाणार? तेलानं ठसकाही नीट लागत नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथं सूज धरतं. बालरोगतज्ज्ञांना हा न्यूमोनिया चांगला परिचित आहे. घरच्यांना मात्र तो ‘औषधानंतर चार दिवसांनी आलेला कफ’ वाटतो.

याहून वाईट होती बाळागोळी. अफूची. औषध घे म्हणून समजवायचं कुणाला, मूल झोपलेलंच बरं, हा तिचा हिशेब. पण हा हिशेब आयांच्या दुष्टपणातून आलेला नव्हता. घाटावरून आणि कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बायका दहा-दहा तास यंत्रापाशी, आणि तान्हं खोलीवर किंवा खात्यातच एका कोपऱ्यात. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे मुलांना अफू देण्याच्या साक्षी झाल्या होत्या. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना नेमलं. त्यांच्या अहवालात आकडा होता शंभरात ९८: कामगार बायकांच्या एवढ्या बाळांना अफू दिली जात होती. इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या गावांतून गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचं अफूचं गोड पाणी एक-दोन पिढ्यांपूर्वीच सर्रास चालून गेलेलं होतं. जिथं आईला बाळापाशी बसायला वेळ मिळाला नाही, तिथं बोंडल्याची जागा गोळीनं घेतली. पाळणाघर आणि बाळंतपणाची रजा मिळाल्यावाचून हे सुटणारं नव्हतं, आणि सुटलंही तसंच.

गोडाची कथाही वाटते तितकी गोड नाही. कडू औषधाच्या पेल्याच्या कडेला मध लावून मुलांना पाजण्याची युक्ती रोमन कवी लुक्रेशिअसनं दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली आहे, त्यामुळे ती कुठल्या एका देशाची नाही. तिला कारखान्याचं रूप आलं एकोणिसाव्या शतकात. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ग्राइप वॉटर काढलं: शेपूच्या बियांचं तेल, सोडा, साखर, आणि मद्यार्क. शेपूचं बी म्हणजे आपला बाळंतशेपा, जो आपण बाळंतिणीला देतो आणि दुधातून बाळाला पोचवतो. वुडवर्डनं तो थेट बाळाच्या तोंडात घातला आणि सोबत दारूचा थेंब दिला. शतकभराहून अधिक काळ तो थेंब त्यात राहिला. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वर्तमानपत्रं उघडली की डोंगरे बालामृताची जाहिरात दिसायची. औषध गोड असावं, रंगीत असावं आणि बाटलीत असावं, ही समजूत त्या काळात पक्की झाली.

त्या समजुतीची किंमत मुलांनी मोजली. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचं रासबेरीच्या स्वादाचं गोड द्रावण बाजारात आलं. ते विरघळवायला वापरलेलं डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना विषारी. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली: खोकल्याच्या सिरपमध्ये तेच विष, आणि मुलांची मूत्रपिंडं निकामी. त्यांतली अनेक मुलं उपचारांसाठी नागपुरात आणलेली होती. त्या मुलांनी औषध थुंकलं नव्हतं. गोड होतं, गुपचूप प्यायली. मला ती बातमी वाचून झोप आली नाही. जिभेवरच्या ज्या राखणीवर मात करायला आपण इतकी शतकं धडपडलो, तिला गोडानं गाफील केलं की पुढची सगळी जबाबदारी औषध करणाऱ्यावर, तपासणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर येते. तिथं कसूर झाली तर बाळाकडे दुसरं काहीच उरत नाही.

आमच्या भागात मात्र एक चांगली गोष्टही घडली, आणि तीही थेंबांचीच. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात उभं केलेलं काम. जुलाबानं मुलं दगावतात त्यामागे रोटा विषाणूचा मोठा वाटा, आणि त्यावरची लस दंडात टोचायची नाही, तोंडातूनच द्यायची. रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी २०११ मध्ये सुरू झाली, दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर. पुण्याचं ठिकाण म्हणजे वढूचा परिसर. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची ही बाळं, म्हणजे जीभ बाहेर ढकलण्याच्या ऐन वयातली. पाच थेंब, जेमतेम अर्धा मिलिलिटर, आणि तो गालाच्या आत. आईच्या मांडीवर बाळ जरा मागे रेललेलं, परिचारिकेची दोन बोटं गालांवर हलकी, थेंब एका कडेला. सासूबाईंनी पाहिलं असतं तर त्यांना यात नवं काही वाटलं नसतं. २०१९ पासून रोटाची लस महाराष्ट्रातल्या सरकारी लसीकरणात आहे.

दवाखान्यातही चोचीची वाटी परत आली आहे. कमी दिवसांच्या, वजनानं लहान बाळांना ओढून पिता येत नाही. रबरी बोंडाच्या बाटलीत जंतू धरतात, कारण बोंडाच्या आत बोट जात नाही. बोंडलं उघडं असतं, एका उकळीत आणि एका बोटात स्वच्छ होतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत बाटली, कप आणि पालाडै अशी तुलना केली, तेव्हा नवजात बाळांनी पालाडैनं कमी वेळात जास्त दूध घेतलं. १९९२ च्या कायद्यानं आपल्याकडे दुधाच्या बाटल्यांची जाहिरातच बंद केली. आज नवजात शिशूंच्या कक्षात आईला वाटी-चमचा किंवा पालाडैनं पाजायला शिकवतात, आणि बाटली आणू देत नाहीत.

गुटीचं काय करायचं, हे मला आता पुष्कळ मुली विचारतात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात, आणि मला ते पटतं. सहाण कितीही घासली तरी ती घरातल्या पाण्यानंच घासलेली असते. औषध लागलंच तर ते डॉक्टरांनी दिलेलं. पण गुटीची रीत त्या औषधालाही लागू पडते. जुलाब लागलेल्या बाळासाठी आशाताई जलसंजीवनीच्या पुड्यांबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, दहा मिलिग्रॅम, चमच्यात काढलेल्या आईच्या दुधात विरघळवून, रोज एकदा, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. सहा महिन्यांवरच्याला अख्खी गोळी, दुधात किंवा स्वच्छ पाण्यात. अनुपान तेच, आईचं दूध. वळशाच्या जागी गोळीवरची मधली रेघ आली आहे, एवढंच.

आणि त्या रेघेचं महत्त्व तापाच्या औषधात फार आहे. तापाचं पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळतं. ड्रॉपर लावलेल्या लहान बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात. मोठ्या बाटलीतल्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. धाकट्याचं ड्रॉपरचं औषध संपलं म्हणून थोरल्याच्या बाटलीतलं तेवढंच दिलं तर ताप उतरत नाही. उलट झालं, सिरपचं माप धरून ड्रॉपरचं औषध दिलं, तर दुप्पट ते चौपट जातं. स्वयंपाकघरातले चमचे तर एका मापाचे नसतातच. म्हणून औषधाच्या दुकानात बिनसुईची, मिलिलिटरच्या रेघा असलेली तोंडाची सिरिंज मागून घ्यावी, ती काही रुपयांना मिळते. औषध किती मिलिलिटर आणि कोणत्या बाटलीतलं, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. सिरिंजचं टोक गालाच्या आत, बाळ अर्धं बसतं, अर्धा-अर्धा मिलिलिटर, प्रत्येक घुटक्यामागे थांबून. ओकलं तर लगेच पुन्हा पूर्ण मात्रा देऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं.